खडकावरून गेलेली रेघ

कोलशेत
२० जून १९९३, रविवार

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच दादा. सहा वर्षांनी लिहितेय. अक्षर ओळखलं नसशील तर सांगते, मी सगुणा. पत्ता शेजारच्या आनंदानं दिला. तो आता कल्याणच्या पुढं कामाला जातो. आंबिवलीत लाकडाच्या वखारीत तुला फळ्या मोजताना बघितलं म्हणाला. केस पिकलेत म्हणाला. मी पुढं काही विचारलं नाही.

माझं बरं चाललंय. नौपाड्यात नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात मी ट्रेसर आहे, पाच वर्षं झाली. इंजिनियर पेन्सिलीनं काढतात, मी त्यावर पारदर्शक कागद टाकून शाईनं उमटवते. माझ्या कागदावर ब्लेडनं खरडलेली जागा सापडायची नाही, असं साहेब नव्या मुलींना सांगतात. मासळीच्या पाट्या उचलणारा हात रेघ मारायला शिकेल असं मला तरी कुठं वाटलं होतं?

उगाच पाल्हाळ लावत नाही. वासंती दहावीत गेली. तू गेलास तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत त्यांना निर्देशक भूमिती लागलीय आणि बाईंनी सुट्टीत आपापल्या गावाचा आलेख काढायला सांगितला होता. सगळ्या पोरींनी घर, शाळा, बाजार काढले. आमच्या बाईसाहेबांनी खाडी काढली. देऊळ, चिमणी, पाण्याची टाकी आणि पाण्याखालचा तो खडक. मला विचारते, बाबांची होडी खडकावर गेली तेव्हा मामा कुठल्या खुणेवर येत होता?

मी म्हटलं, तुझा मामा कुठल्याच खुणेवर नव्हता. वासंतीचे बाबा गेले तेव्हा सुकाणू तुझ्या हातात होतं आणि तू शुद्धीत नव्हतास, म्हणून कोळ्यांच्या जमातीनं तुला होडी बंद केली आणि तू गाव सोडलंस. गावाला जे ठाऊक आहे तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, “मी मामालाच जाऊन विचारते.”

म्हणून हे पत्र. ती आली तर जमातीसमोर जे झालं तेच सांग. खूण बदलल्याचं तुला सांगितलेलं होतं आणि चूक तुझी होती. दोन वाक्यं. पोस्टकार्डावर नुसतं ‘बरं’ लिहून पाठवलंस तरी मला कळेल.

सगुणा

कोलशेत
४ जुलै १९९३, रविवार

दादा,

पोस्टकार्ड आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता माझ्याकडं बघून आधीच मान हलवतो.

तुला राग आलाय का? येऊ दे. पण राग आला म्हणून पोरीला भलतंसलतं सांगू नकोस. ती माझ्याजवळ एकटी आहे. तिनं माझ्याकडं सरळ बघावं एवढ्यासाठी मी रोज कोलशेतहून नौपाड्यापर्यंत बस पकडते आणि वाकून वाकून पाठीचा काटा ढिला करून घेते. दुसरं काय आहे माझ्याकडं?

तिनं काय मांडलंय ते तुला कळावं म्हणून लिहिते. अवघड नाही. जाळ्याच्या खुंटाची जागा तू कशी धरायचास? एका बाजूला वडाच्या मागं डोंगराचा सुळका आला पाहिजे, दुसऱ्या बाजूला देवळाच्या मागं चिमणी. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं खुंट. पाण्यावर खूणगाठ बांधता येत नाही, पण दोन रेघांनी बिंदू पक्का होतो. शाळेतली निर्देशक भूमिती म्हणजे हेच. एक आडवी रेघ, तिला क्ष-अक्ष म्हणायचं. एक उभी, तो य-अक्ष. त्या छेदतात तो आरंभबिंदू. मग कुठलीही जागा दोन आकड्यांत सांगता येते, आधी आडवं किती, मग उभं किती. ऑफिसात सरोजनं मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. म्हणाली, सिनेमाला गेल्यावर तिसऱ्या रांगेतली दहावी खुर्ची आणि दहाव्या रांगेतली तिसरी खुर्ची एकच असते का? चुकीच्या खुर्चीत बसलीस तर उठवतात. नकाशात आकडे उलटे पडले तर माणसाचं घर दुसऱ्याच्या शेतात जातं.

वासंतीनं आरंभबिंदू धरलाय देवळाचा कळस. आलेखाचं एक घर म्हणजे जमिनीवरचे वीस मीटर. खाडी वर, म्हणून खाडीकडचे आकडे अधिक. देवळाच्या मागं आणि डावीकडं गेलं की उणे. मापं तिला कोण देणार? मीच. ऑफिसात खाडीवरच्या जेट्टीचं काम आलंय, त्यात अठ्ठ्याहत्तर सालचा जुना नकाशा आहे आणि यंदाचा नवाही. जुन्यात रंगाच्या कारखान्याची विटांची चिमणी आहे, ती (−२, −१०). म्हणजे देवळापासून दोन घरं डावीकडं आणि दहा घरं मागं. खडक आहे (६, २०). तिनं चिमणीपासून कळसावरून पट्टी ठेवून रेघ पाण्यात नेली. खडकाच्या उंचीवर ती रेघ (४, २०) मधून जाते, खडकापासून दोन घरं बाजूनं. चाळीस मीटर. वाडवडील त्या रेघेवरून ये-जा करायचे ते उगाच नाही.

मग तिला नव्या चिमणीचे आकडे हवे होते. विटांची चिमणी पाडून कारखान्यानं लोखंडी उभारली ती जरा बाजूला, हे गावात कुणाला माहीत नाही? म्हणून तर जमातीनं कार्तिकात चिमणीची खूण सोडली आणि देवळामागं पाण्याची टाकी धरायचं ठरवलं. मी आकडे लिहून दिले. तिनं रेघ ओढली तर ती खडकाच्या आसपाससुद्धा फिरकली नाही, पार लांब गेली. पोरगी हिरमुसली. म्हणाली, म्हणजे यात काहीच नाही.

मी म्हटलं, नाहीच आहे. आता बीजगणिताकडं बघ.

तेव्हा प्रकरण मिटल्यातच जमा आहे. तुला उगाच त्रास दिला. तरी एक पोस्टकार्ड टाक.

सगुणा

नौपाडा
१९ जुलै १९९३, सोमवार, जेवणाची सुट्टी

दादा,

मिटलेलं नाही.

काल दुपारी मी बोंबील निवडत होते. वासंती वही घेऊन समोर येऊन बसली. तिचा आवाज असा शांत मी कधी ऐकला नव्हता.

“आई, आलेखात नवी चिमणी आमच्या शाळेच्या मैदानात उभी आहे.”

“माप चुकलं असेल.”

“मी मोजून आले. देवळापासून कारखान्याच्या भिंतीपर्यंत, दोरी घेऊन. ती (−३, −१०) आहे. तू (−१०, −३) लिहून दिलंयस.”

“घाईत उलटं झालं असेल.”

“पाच वर्षं तू ट्रेसर आहेस, आई.”

मी मान खाली घालून बोंबील निवडत राहिले. तिनं माझ्यासमोर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. (−३, −१०) पासून कळसावरून वर. चिमणी एकच घर डावीकडं सरकलीय, पण खडक देवळापासून चिमणीच्या दुप्पट लांब, त्यामुळं पाण्यात रेघ दोन घरं उजवीकडं जाते. (३, १०). (६, २०). खडकाच्या टिंबावर शाई पसरेपर्यंत तिनं पेन तिथं दाबून धरलं.

“आई, भरकटलेली होडी कुठंही गेली असती. ही बरोब्बर चिमणीच्या रेघेवर आलीय. मामानं चिमणी धरली होती. आणि ज्याला खूण बदलल्याचं माहीत आहे, तो चिमणी धरेलच कशाला?” मग जरा थांबून म्हणाली, “तू सांगितलेलंस ना त्याला?”

मी म्हटलं, “सांगितलेलं.”

दादा, सहा वर्षांत हा शब्द मी दोनदाच उच्चारला. एकदा जमातीसमोर, आणि काल. दोन्ही वेळा तो इतका सहज आला की मला माझ्याच जिभेची भीती वाटली.

ती येत्या रविवारी तुझ्याकडं येतेय. आनंदा सोबत येणार आहे. मी अडवलं तर तिला उत्तर मिळाल्यासारखंच होईल, म्हणून अडवत नाही.

आता तू काय सांगावंस हे सांगायला मला तोंड नाही. पण जे तुला अर्धंच ठाऊक आहे ते पुरतं लिहिते. तू मला कधी विचारलं नाहीस, की सगुणा, त्या दिवशी तू मला का सांगितलं नाहीस?

तू रत्नागिरीच्या ट्रॉलरवरून आठ महिन्यांनी आलास. शिमग्याला चार दिवस होते. बाहेरून आलेल्या माणसानं होडीला हात लावायच्या आधी घरच्या बाईनं त्याला मधल्या काळातलं सगळं सांगायचं, कोण गेलं, कोण जन्मलं, कुठल्या खुणा बदलल्या, हा आपल्याकडचा नेम. आई गेल्यावर तुझ्या घरची बाई मीच. ह्यांनी मला आठवण केली होती. म्हणाले, दादाला चिमणीचं सांग, पुरुष माणसानं सांगितलं तर बाईचा मान जातो.

आणि तू आल्या आल्या काय बोललास आठवतंय? अंगणातच म्हणालास, कान्हाला मी पुढच्या खेपेला ट्रॉलरवर नेतो, इथं खाडीत आता काय राहिलंय. मला विचारलंसुद्धा नाहीस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ महिने तुझी वाट बघायची, आणि तू येऊन माझाच माणूस घेऊन जायचं बोलतोस? मी अबोला धरला. तुझ्यापुढं ताट ठेवलं आणि आत निघून गेले. तू हाक मारलीस, “सगुणे, गावची खबर दे की.” मी आतून भांडी आपटली.

सकाळी सांगीन म्हटलं होतं. अगदी ठरवलं होतं. पण तुम्ही पहाटेच्या भरतीला निघालात आणि मी उठले तेव्हा चूल नुसतीच धुमसत होती. ह्यांना वाटलं असणार, तिनं सांगितलंय. म्हणून निर्धास्तपणे सुकाणू तुला दिलं आणि परतताना पाठ करून मासळी निवडत बसले. संध्याकाळच्या उजेडात लोखंडाची चिमणी काय आणि विटांची काय, देवळामागं एक काळी काठी. तू बापानं शिकवलं तसं केलंस.

जमातीनं आधी मलाच विचारलं. घरच्या बाईनं सांगितलं होतं का? अंगणात ह्यांचा सदरा अजून दोरीवर वाळत होता. “नाही” म्हटलं असतं तर माझ्या नवऱ्याला मी मारलं, असं भरल्या गावात माझ्याच तोंडून ठरलं असतं. मी “सांगितलेलं” म्हटलं. मग तुला विचारलं. तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं आता बोलशील, आता बोलशील. तू म्हणालास, “चूक माझी.” सांगूनही चुकला म्हणजे प्यायलेला असणार, हे गावानं आपलं आपणच ठरवलं.

सुट्टी संपली. साहेब आलेत.

सगुणा

कोलशेत
२६ जुलै १९९३, सोमवार

दादा,

वासंती काल संध्याकाळी परत आली. उंबरठ्यावरच चप्पल भिरकावली.

“दारू प्यायलो होतो म्हणाला. तुझ्या आईनं सगळं सांगितलं होतं, मला नशेत सुधरलं नाही म्हणाला. चिमणीच्या रेघेवर होडी कशी गेली विचारलं तर म्हणतो, गेली असेल, मला काय ठाऊक.”

तू? ताडीचा वास आला तरी वाट बदलणारा तू? हळदीच्या मांडवात पोरं तुला बाईमाणूस म्हणून चिडवायची ते मला आठवत नाही असं वाटलं तुला?

लाज वाटते, पण लिहिते. मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, दादा. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं. पोरगी वाचली, मी वाचले. मी चहा टाकला. तिला आवडतं म्हणून आलं किसून घातलं.

चहा पिता पिता ती म्हणाली, “बरं झालं त्या माणसाला हाकललं. माझ्या बाबांना मारून वर माझ्यापुढं लाडू ठेवतो.”

त्या माणसाला. तू तिला खांद्यावर घेऊन पालखीपुढं नाचवलंस. मोत्या कुत्रा चावला तेव्हा तिला उचलून ठाण्यापर्यंत पळत गेलास. तिच्या तोंडून तुझ्यासाठी ‘तो माणूस’ आलं आणि मी चहा ओतत होते.

लाडू तू कुठून आणलेस? तुला तर करता येत नाहीत. शेजारणीकडून करून घेतलेस का? तिनं एकही खाल्ला नाही म्हणे. पुडी आनंदाला दिली.

आलेख तिनं चुरगाळून चुलीजवळ टाकला होता. मी उचलला, सपाट केला, त्यावर पाटा ठेवला. सकाळी बघितला. इतकं नेटकं काम आमच्या ऑफिसातल्या दोन मुलींना जमत नाही. पाण्याच्या टाकीचे आकडेसुद्धा घेतलेत पोरीनं, (−४, −२०). दादा, टाकी जुन्याच रेघेवर पडते. जमातीच्या काळुरामकाकांनी आणि बाकीच्या म्हाताऱ्यांनी पट्टी ना पेन्सिल, नुसत्या डोळ्यांनी नवी खूण शोधली, ती केसभरही चुकली नाही. अशा माणसांना मी फसवलं.

एक तारखेला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, जमात बसते. कुणाचं काही गाऱ्हाणं असेल तर त्या दिवशी ऐकतात. बायका सहसा उठत नाहीत. मी उठणार आहे. तुला आधी कळवते ते एवढ्यासाठी की तू मध्ये पडू नकोस. आनंदाच्या हाती निरोप पाठवशील, की बहिणीचं डोकं फिरलंय, तिचं ऐकू नका. तुला ती सवयच लागलीय. या खेपेला नको.

भीती वाटतेय. गावाची नाही तेवढी. वासंतीची.

सगुणा

कोलशेत
३ ऑगस्ट १९९३, मंगळवार

दादा,

झालं.

देवळाच्या ओसरीत चाळीसेक माणसं होती. बायका खांबामागं. होड्यांचे रंग, नारळ, ढोल, सगळं बोलून झाल्यावर काळुरामकाका म्हणाले, “आनकी कुनाचा काय?” मी उठले. पुढं येऊन खाली बसले आणि आलेख फरशीवर पसरला. चार कोपऱ्यांवर पोरांनी आणलेले नारळ ठेवले, वारा होता.

मी म्हटलं, “माझ्या नवऱ्याच्या होडीचं आहे. दामाजीदादाला मी खूण सांगितली नव्हती. मी खोटं बोलले होते.”

मग मागून एक जण हसला. “पुनव आली ना. बयनीला भाव याद आला.” दोघं-तिघं हसले. एक म्हातारी मला म्हणाली, “पोरी, भावासाठी सोताच्या अंगाव घेव नको.” दादा, मी वेड्यासारखी बघत राहिले. सहा वर्षं खोटं पचलं आणि खरं बोलले तर कुणी गिळायला तयार नाही.

मग मी जाळं विणायचं सूत मागितलं. एक टोक लोखंडी चिमणीवर धरायला आनंदाला सांगितलं. सूत कळसावरून ओढून नेलं आणि खडकावर बोट ठेवलं. “हे देऊळ, ही आत्ताची चिमणी, हा खडक. बघा.” आकडे मी वाचलेच नाहीत. त्या माणसांना आकड्यांची गरज नव्हती. एकेक जण वाकला, एक डोळा मिटून सुताच्या रेघेतून बघितलं, जसं होडीतून बघतात तसं. हसणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

काळुरामकाका सगळ्यात शेवटी वाकले. बराच वेळ उठले नाहीत.

“मी मंगच्या होरीत व्हतो,” ते म्हणाले. “त्याची होरी जराव डुलली नाय. सरल आली. मना तवाच वाटला, पिलेला मानूस असा सरल येतंय कसा? पन तू बोललीस सांगलंय, मंग मी गप रेलो.” मग माझ्याकडं बघून विचारलं, “सांगला नव्हता?”

“नाही.”

“का गो?”

“रुसले होते.”

एवढंच होतं ते, दादा. सगळ्या गावासमोर म्हटल्यावर किती लहान वाटलं.

तुझ्यावरची बंदी त्यांनी तिथंच उठवली. कुणीतरी म्हणालं, बाईला काय दंड? काळुरामकाका म्हणाले, “कान्हा तिचाच व्हता. तिला आनकी काय दंड लावू?” आणि उठून गेले. मला वाटलं होतं शिव्या देतील, वाळीत टाकतील. त्याची तयारी करून गेले होते. ह्याची तयारी नव्हती. ओसरी रिकामी झाल्यावर मी तिथंच बसून रडले, आणि ते ह्यांच्यासाठी रडणं होतं, सहा वर्षांत पहिल्यांदा नुसतं ह्यांच्यासाठी. इतकी वर्षं रडू आलं की आधी भीतीच यायची.

वासंती खांबामागं होती. तिनं सगळं ऐकलं. घरी येईपर्यंत माझ्या दहा पावलं मागून चालली. दारात येऊन म्हणाली, “गेल्या रविवारी मामा माझ्यासमोर दारुडा झाला. मी त्याला काय काय बोलले माहितेय तुला? आणि तू मला आल्याचा चहा दिलास.”

मी “हो” म्हटलं.

काल पौर्णिमेला गाव नारळ घेऊन खाडीवर गेलं. ती गेली नाही, मीही नाही. दोघी घरात होतो. जेवण तिनं स्वतःचं स्वतः वाढून घेतलं. आज सकाळी पिशवी भरायला लागली. दोन फ्रॉक, पुस्तकं, कंपासपेटी. मी विचारायच्या आधीच म्हणाली, मामाकडं जाते. शाळेचं मी बाईंशी बोलीन असं म्हटलं तर म्हणाली, “मी बोलले.”

हे पत्र तिच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. गाडीत वाचलं तर वाचू दे, त्यात तिच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

गावानं तुला बोलावलंय. काळुरामकाका म्हणतात, त्यांच्या होडीचं सुकाणू तू धर. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्यासाठी येऊ नकोस, आणि माझ्यासाठी यायचं टाळूही नकोस. राखी मी पाठवलेली नाही. कोणत्या तोंडानं पाठवू?

फक्त एक कर. वासंती पुन्हा तोच प्रश्न विचारेल. माझ्याकडून तिनं ऐकलंय, गावाकडून ऐकलंय, तरी विचारेल, कारण मी तिला इतक्यांदा फसवलंय की माझं खरंही ती तपासून घेणार. या वेळी तिला खरं सांग. आई वाईट नव्हती वगैरे काही जोडू नकोस. ती रडली तर रडू दे. माझ्यावर चिडून काही बोलली तर मध्येच अडवू नकोस, पुरतं बोलू दे.

ती किती दिवस राहणार ते मी विचारलेलं नाही. ती दारात उभी आहे, पत्रासाठी थांबलीय.

सगुणा